पुन्हा तीस

संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी, मुलींच्या बास्केटबॉल सामन्यातलं शेवटचं दीड मिनिट उरलं असताना, घड्याळकाकांनी नको तेव्हा बटण दाबलं.

काका शाळेच्या प्रयोगशाळेतले सहायक. सामन्यांची वेळ बावीस वर्षं तेच सांभाळत आले होते. या आठवड्यात त्यांच्यासमोर चाचणीपुरतं दुसरं घड्याळ आलं होतं. चेंडू हाती आला की तीस सेकंदांत बास्केटकडे टाकायचा, नाहीतर तो समोरच्यांचा. टाकलेला चेंडू रिंगला लागला तरच पुन्हा तीस. नुसता मागच्या फळीला लागला तर नाही.

काका कानाने काम करणारे. रिंग वाजली आणि अंगठा खाली गेला. पण त्या सभागृहातली रिंग सैल होती, फळीवर चेंडू आदळला तरी खणखणायची. उरलेल्या चार सेकंदांचे तीस झाले. परत आलेला चेंडू शाळेच्याच मुलींनी पकडला, बास्केट केली आणि त्या एका गुणाने जिंकल्या.

सभागृह रिकामं झालं तरी काकांचा पाय टेबलाखाली हलतच होता.

"बाई, घोटाळा झालाय." त्यांनी क्रीडाशिक्षिकेला सगळं सांगितलं.

"कुणी पाहिलं?"

"मी."

"म्हणजे कुणीच नाही!" बाई हसल्या. मग त्यांचा चेहरा पाहून थांबल्या. "काका, गेल्या वर्षी समोरच्यांनी एका गुणाची आघाडी घेऊन चार मिनिटं चेंडू नुसता आपापसांत फिरवला. माझ्या पोरी रडल्या. या घड्याळासाठी दोन वर्षं उंबरे झिजवतेय मी. ते कायमचं आणायचं का, यावर सोमवारी शाळांचं मतदान आहे. विरोधक म्हणतात, घड्याळ आणाल हो, चालवणारी माणसं कुठून आणाल? आणि तुम्ही त्यांच्या हातात आयतं कोलीत देताय?"

"घड्याळ मलाही हवंय. चेंडू दडवून बसणं हा काय खेळ झाला?"

"मग लिहा शून्य."

चाचणीच्या कागदावर 'टेबलावरील चुका' असा रकाना होता. काकांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. खिडकीपर्यंत जाऊन आले. पुन्हा काढलं. मग 'एक' लिहिलं, पुढे वेळ लिहिली आणि खाली एक ओळ: चूक माझी आहे, घड्याळाची नाही.

बाईंनी कागद वाचला. "पुढच्या सामन्याला दुसरं कुणी बसवावं लागेल, काका."

"बसवा. त्याआधी ती रिंग तेवढी घट्ट करून घ्या."

बाईंनी सही केली.

सोमवारी मतदान झालं. नऊ बाजूने, नऊ विरुद्ध. तेव्हापासून काका तासातासाला कार्यालयात डोकावतात आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच शिपाई मान हलवतो. निर्णायक मत शाळांच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांचं आहे. ते चाचणीचे सगळे कागद घरी घेऊन गेलेत. गुरुवार दुपारपर्यंत त्यांचं मत आलेलं नाही.