काचेच्या खोलीतला हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. गाणी ऐकायचा नव्हे; मी माणसांचं बोलणं ऐकत जगलो.

कारखान्यातून निघालो तो थेट एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सभागृहात आलो. सभागृहाच्या वर काचेची खोली असते. तिथे दुभाषी बसतात, दोघं दोघं. एकाचा घसा दमला की दुसरा बोलतो. खाली माणसं आपापल्या भाषेत भांडतात आणि वरून हे दुभाषी ते भांडण दुसऱ्या भाषेत सांगतात, तेही गोड आवाजात! माझी मालकीण त्यांतली धाकटी. तिच्या जोडीला मास्तर. केस पांढरे, जीभ तिखट.

"ताई, अध्यक्षांचा विनोद तुझ्या भाषांतरात बरा वाटला," ते म्हणायचे. "मुळात नव्हताच."

ती हसली की मीही हलायचो. सुखाचे दिवस होते.

मग तिला मुलगी झाली. रजा संपवून ती आली, तर विभागप्रमुख बाईंनी कळवलं, "पदाची गरज उरली नाही. करार वाढणार नाही." करार गेला की तिचा त्या परक्या देशात राहायचा परवाना जाणार, बाळाचं पाळणाघर जाणार.

"गरज नाही, तर त्याच पदाची जाहिरात कशी निघाली?" मास्तर उसळले. "तुझ्या बाळंतपणाचा राग आहे हा. फेरविचाराचा अर्ज दे. लेखी आणि मुदतीत. त्याशिवाय संस्थेचं न्यायाधिकरण दारात उभं करत नाही."

ती अर्ज लिहायला बसली, तोच प्रमुखबाई आल्या. खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, कागद कशाला रंगवतेस? मी बोललेय वर. होईल तुझं."

मी तिच्या गळ्यातच होतो. शब्द न् शब्द ऐकला.

मित्रांनो, दुभाष्यांच्या कामात बोललेला शब्द हाच शब्द. तो हवेत विरायच्या आत झेलायचा. तिने हाही तसाच झेलला, आणि अर्ज बाजूला सारला.

"भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, ताई!" मास्तर म्हणाले.

"असं काय हो, मास्तर! धाकट्या बहिणीसारखं मानतात त्या मला."

मुदत टळली. मग प्रमुखबाई भेटेनातच. तिने उशिरा अर्ज दिला, न्यायाधिकरणाकडेही गेली, आणि निकाल लागेपर्यंत तो देश सोडून बहिणीकडे राहिली. तीन वर्षांनी, निकालाच्या दिवशी, मुलीला कडेवर घेऊन ती मास्तरांना भेटायला वर आली. मास्तरांनी निकाल वाचला. तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नाही; अर्ज उशिरा आला, म्हणून करार न वाढवण्याचा निर्णय कायदेशीर होता की नव्हता, हे तपासता येणार नाही.

"मग इथल्या शहरातल्या कोर्टात जाऊ?"

"आंतरराष्ट्रीय संस्थेला सूट असते. तिथे हिच्यावर खटला चालत नाही, ताई."

"म्हणजे माझ्यावर अन्याय झाला का, एवढंसुद्धा कुणी बघणार नाही?"

मास्तरांना चार भाषा येत. त्यांनी निकालाची घडी घातली आणि तिच्या हातात ठेवली.

मुलीने मला खुंटीवरून ओढून डोक्यावर घातलं. "आई, यात कुणीच बोलत नाही."

"सभा संपली, बाळा," ती म्हणाली, आणि तिने मला हळूच परत टांगलं.

मित्रांनो, मला जपा, वायर पिळू नका, एवढं तर मी सांगेनच. पण उद्या मोठे व्हाल, नोकऱ्या कराल, आणि कुणी मायेने "होईल हो" म्हणेल. त्यांचे आभार माना. चहासुद्धा घ्या त्यांच्याबरोबर. फक्त त्याआधी अर्ज देऊन या.