अंजनाबाईंनी पारखलेली डाळ

कोरेगावच्या अंजनाबाई जगदाळेंची मांजर चौदा वर्षांची झाली आणि तिचे दात पडले. भाकरी चावेना, नुसत्या दुधावर ती किती दिवस काढणार? जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मांजरांसाठी डब्यातलं मऊ, ओलं खाणं मिळतं; पण ते मोठ्या शहरात.

सांगलीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या लेकीनं, प्रियदर्शनीनं, इंटरनेटवर पुण्याचं एक किराणा दुकान शोधलं. नव्व्याण्णव साल होतं. नुसते डबे ते पाठवत नव्हते, म्हणून तिनं सोबत तूरडाळ, पोहे आणि रवाही मागवला.

"डाळ काय कॉम्प्युटरातनं येती व्हय?" लष्करातनं निवृत्त झालेले लालासाहेब बायकोला हसले.

आठव्या दिवशी एसटीनं खोकं आलं. मांजरीनं बशी चाटूनपुसून लख्ख केली. अंजनाबाईंनी मग डाळ तळहातावर घेतली, चोळली, वास घेतला.

"आवं, जुनी डाळ हाय ही. चकाकावी म्हणून तेल चोळलंय. त्यास्नी कळवाय पायजे."

"एवढं मोठं दुकान, तुजं कोण ऐकतंय?"

अंजनाबाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी घरच्या तुरीची डाळ जात्यावर भरडली होती. पुढच्या रविवारी नवऱ्याला घेऊन त्या सांगलीला गेल्या. तिथल्या इंटरनेट कॅफेत प्रियदर्शनी दुकानाला इंग्रजी अक्षरांत मराठी ईमेल लिहू लागली. मध्येच तिनं 'न्हाई'चं 'नाही' केलं.

"मी बोलती तसंच लिव्ह," अंजनाबाईंनी बजावलं. "मांजराचं खाणं झ्याक हाय, पयलं त्ये लिव्ह. मग लिव्ह, डाळ चोळून हात बघा. हात चिकाट झाला तर ती डाळ गिऱ्हाइकाला दिऊ नगा."

चौथ्या दिवशी दुकानाचे मालक शौनक साने यांचं उत्तर आलं. प्रियदर्शनीनं ते फोनवर वाचून दाखवलं. 'मी स्वतः डाळ चोळून पाहिली. तुमचं खरं आहे. त्या व्यापाऱ्याचा माल बंद केला. तीन नमुने पाठवतोय. तुम्ही निवडाल तीच डाळ विकू.'

अंजनाबाईंनी तिन्ही डाळी शिजवल्या. दोन नापास केल्या. कोरेगावच्या बाजारातसुद्धा त्यांचा इतका मान कुणी ठेवला नव्हता.

महिन्याभरानं दोघं पुन्हा सांगलीला गेली. पडद्यावर डाळीच्या चित्राखाली इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. प्रियदर्शनीनं तिच्यावरून बोट फिरवत वाचलं, "कोरेगावच्या अंजनाबाई जगदाळे यांनी पारखलेली डाळ."

अंजनाबाईंनी पदर सावरला. "परत वाच," त्या म्हणाल्या.

लेकीनं परत वाचलं. लालासाहेब ताठ उभे राहिले आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर बसलेल्या अनोळखी माणसाच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "पावनं, जरा हिकडं बगा. ह्या आमच्या मंडळी हायत."