विठाबाईचं पीच

आमच्या गावच्या ग्राउंडचं कौतुक पार उमरग्यापर्यंत होतं. ते केलं कुणी, हे सांगायची मात्र गावाला लाज वाटायची. म्हणून मीच सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात सडकेसाठी गायरानात खडी फोडायचं काम निघालं. सगळं गाव एकाच उन्हात हातोडे घेऊन बसलं. बौद्धवाड्यातली विठाबाई होती, तशा सोसायटीचे चेअरमन रेवणप्पा यांच्या घरच्या बायकाही होत्या. माळावरचे धोंडे सडकेवर गेले आणि मागं सपाट भुई उरली. रेवणप्पांचा पुतण्या मल्लिनाथ म्हणाला, इथं क्रिकेट खेळू. आम्ही तयारच होतो. त्याला कॅप्टन केलं.

जागा झाली, पण मुरमावर चेंडू कुठंही उसळायचा. माझा पुढचा दात तिथंच पडला. विठाबाईचा सिद्राम आमचा सगळ्यात जोराचा बॉलर. त्याचे सोललेले गुडघे बघून म्हातारी वैतागली आणि म्हणाली, खळं करतो तसं करा की. शेवटी तिनंच पदर खोचला. आटलेल्या तळ्यातली काळी माती आणवली, भिजवली, बैल फिरवून तुडवून घेतली आणि वरून शेणकाल्यानं सारवली. पाहुण्या टीमचे लोक वाकून हात लावून बघायचे.

गावात सिद्रामला पाणी वरून ओतायचे. ग्राउंडवर मात्र एकच कळशी आणि एकच तांब्या होता. त्याच तांब्यानं तोही प्यायचा, आम्हीही प्यायचो. ग्राउंड म्हणजे त्याच्यासाठी हे होतं, विकेटा नंतर.

मग एका साली ज्वारी दणकून पिकली. रेवणप्पांचं रान गायरानाला लागून. आयतं तयार खळं दिसल्यावर त्यांनी तिथं कणसं आणून टाकली आणि पीचच्या मधोमध बैल बांधायचा तिवडा रोवला. मल्लिनाथ म्हणाला, सुगीपुरतंच आहे. संध्याकाळी सिद्राम चेंडू घेऊन आला, तर रेवणप्पांनी त्याला कडेलाच अडवलं.

"खळ्यावर लक्ष्मी आली हाय, सिद्राम. वाड्यातल्यांनी कडंला थांबायचं असतंय. ठावं न्हाय व्हय तुला?"

खळं करायची मेहनत आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या बौद्धवाड्याचीच. धान्य पडलं की करणाऱ्यांनीच कडेला उभं राहायचं. सिद्रामनं मल्लिनाथकडं बघितलं. कॅप्टनसाहेब खाली मान घालून कणसं पसरत होते. मी मधे पडलो, तर रेवणप्पा म्हणाले, आधी बापाला विचारून ये. त्या दिवशी मल्लिनाथची जी किळस आली, ती अजून गेलेली नाही.

रास झाल्यावर रेवणप्पांनी सूपभर ज्वारी घेऊन विठाबाईला कडेला बोलावलं. खळं केल्याचं बलुतं घे म्हणाले. तिनं पदर पसरला नाही.

"धम्म घेतला तवाच बलुतं सोडलं आमी. चूक माझीच हाय. खळ्यावानी केलं नसतं, तर तुमी आला नसता."

तिवडा काही निघाला नाही. आमचे सामने बंद पडले. पुढच्या सुगीपर्यंत भुईला भेगा पडल्या, तेव्हा रेवणप्पांनी विठाबाईला पुन्हा बोलावणं धाडलं. ती आली आणि चारचौघांत म्हणाली,

"मळून देते की. पर आदी सिद्राम बुटासकट त्या भुईवर बॉल टाकंल. मग तुमी ज्वारी टाका."

महिन्याभरात सोसायटीनं ठराव केला आणि पीचवर सिमेंट ओतून पक्कं खळं बांधलं. सिद्राम सोलापूरला मिलमध्ये निघून गेला. विठाबाई सडकेपर्यंत त्याच्याबरोबर गेली होती.

पुढच्या साली पावसानं दगा दिला. सिमेंटवर दाणा पडला नाही. एका संध्याकाळी मल्लिनाथ बॅट घेऊन माझ्या दारात आला. खळं मोकळंच पडलंय, म्हणाला, चेंडू बी चांगला उसळंल, खेळायचं का?

मी विचारलं, "बॉल टाकणार कोण?"