रिकामं नळकांडं नव्हे, अस्सल दगड

वर बघून उपयोग नाही, मी तुम्हाला दिसणार नाही. मी एक लघुग्रह बोलतोय. लघु म्हटलं म्हणून लगेच तोंड वाकडं करू नका. तुमच्या चार खोल्यांच्या घरात मी मावणार नाही, आणि वयाचं म्हणाल तर तुमचे डोंगर माझ्यापुढे कालची पोरं आहेत.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात एका थोरल्या दगडाच्या पोटी माझा जन्म झाला. पोटी म्हणजे अक्षरशः पोटातून. दुसरा एक दगड येऊन त्याच्यावर आदळला आणि मी बाहेर उडालो. भावंडं चहूकडे पांगली. मी मात्र हळूहळू आत सरकत आलो आणि पृथ्वीच्या शेजारची वाट धरली. सूर्याभोवतीची माझी फेरी तुमच्या वर्षापेक्षा दहा-बारा दिवसांनी मोठी. त्यामुळे दर फेरीला मी थोडा मागे पडतो, आणि तीस-पस्तीस वर्षांनी पृथ्वी मागून येऊन मला गाठते. तेवढीच आमची भेट, तीही चंद्राच्या कितीतरी पलीकडून. मी कधी कोणाच्या अंगावर गेलेलो नाही.

शिवाय मी स्वतःभोवती असा भिंगरीसारखा फिरतो, की तुमचं भांडंभर पाणी उकळेपर्यंत माझा एक दिवस आणि एक रात्र उरकते. सैल गोट्यांचा ढीग असतो तर केव्हाच उधळलो असतो. माझा खडासुद्धा निसटलेला नाही. मी आरपार भरीव आहे, आणि हे मी पुन्हा सांगणार आहे, कारण माझा अपमान नेमका इथेच झाला.

गेल्या भेटीत एका वेधशाळेच्या दुर्बिणीनं मला टिपलं. तिथे नव्या पाहुण्यांच्या कक्षा काढणाऱ्या एक बाई आहेत, पन्नाशीच्या. त्यांनी माझी वाट मोजली आणि मला लघुग्रहांच्या यादीत घातलं. दुपारी विभागप्रमुख त्यांच्या टेबलाशी आले.

"बाई, हे काढून टाका. पृथ्वीच्या इतक्या शेजारून, इतक्या रमतगमत दगड जात नाहीत. कुठल्यातरी जुन्या रॉकेटचं रिकामं नळकांडं आहे."

"पण सर, किती गरगर फिरतंय बघा."

"नळकांडीही कोलांट्या खातात. कचरा आहे तो. काढा."

कचरा! माझ्या अंगाची लाही लाही झाली. सूर्याभोवती भटकणाऱ्या नळकांड्यांनी त्यांना पूर्वी फसवलं होतं, हे मला मान्य आहे. पण म्हणून मला? एकदा यादीतून गेलो, की माझ्या वाटेची आठवण कोणी ठेवणार नव्हतं. पुढच्या खेपेला मी आलो असतो तो पुन्हा अनोळखी म्हणूनच.

बाई मात्र अडून बसल्या. "महिनाभर थांबा, सर. ऊनच सांगेल काय ते."

आता हे ऊन काय प्रकरण आहे ते सांगतो. प्रकाशही किंचित धक्का देतो. पोकळ नळकांड्याला तो महिन्याभरात वाटेवरून बाजूला सारतो. भरीव दगडाला त्याची पर्वा नसते. म्हणजे मी कुठे पोचतो एवढंच बघायचं होतं. पण मी लांब चाललो होतो, अंधुक होत होतो, आणि मोठी दुर्बीण दुसऱ्यांनी आधीच अडवून ठेवलेली. बाई खोल्याखोल्यांतून फिरल्या.

"तुमच्या दीर्घिका काही पळून जात नाहीत," त्या एकाला म्हणाल्या. "माझा पाहुणा निघालाय. दहा मिनिटं द्या."

त्यानं दिली, कुरकुरत का होईना. नंतर आकाश भरून आलं, तेव्हा आम्हा दोघांचा जीव टांगणीला लागला. घरी जेवणाच्या टेबलावर बाई आकडे मांडून बसायच्या आणि समोर त्यांच्या सासूबाई मटार सोलायच्या.

"ठरलं का गं, दगड की डबा?"

"ढग हटायला हवेत हो, आई."

"मग हटेपर्यंत जेवून घे."

मला हे कसं कळलं विचारू नका. आपल्याबद्दल चार माणसं बोलत असली की कळतंच.

अखेर आकाश उघडलं. सकाळी पडद्यावर बाईंनी आधीच दोन जागा आखून ठेवल्या होत्या: नळकांडं असेल तर इथे, दगड असेल तर तिथे. छायाचित्र उघडलं. मी बरोब्बर दगडाच्या जागी होतो. तसूभरही ढळलो नव्हतो! सरांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं. "पुन्हा मोजा," म्हणाले. बाईंनी पुन्हा मोजलं.

"राहू द्या यादीत," ते म्हणाले. "आणि मी कचरा म्हणालो, ते कोणाला सांगू नका."

"सर, तुम्ही चांगले मोठ्यानं म्हणाला होतात."

अख्खी खोली हसली. तेही हसले. मी त्यांना तिथेच माफ केलं.

संध्याकाळी घरी सासूबाईंनी विचारलं, "मग हा परत कधी येणार?"

"तीस-पस्तीस वर्षांनी."

"अगो बाई! तेव्हा तू?"

"तुमच्याएवढी असेन, आई. असले तर." बाईंनी आकड्यांचा कागद पुढे ओढला. "कुठे बघायचं ते मात्र काढून ठेवलंय. मी नसले तरी तो सापडेल."

सोललेले दाणे सासूबाईंनी सुनेपुढे सरकवले.

आता मी पुष्कळ दूर आलोय. तुमची पृथ्वी इथून एक ठिपका दिसते. आजवर कितीतरी वेळा मी तिच्या शेजारून गेलो, पण माझी वाट पाहणारं तिथे कोणी नव्हतं. आता माझी येण्याची वेळ कोणीतरी आधीच सांगून ठेवली आहे. याचा मला माझ्या वयापेक्षाही जास्त अभिमान वाटतो.

तेव्हा दुर्बिणीपाशी जे कोणी बसलेले असाल, त्यांना माझं एक सांगणं आहे. बाईंनी सांगितलेल्या जागी बघा, मी हजर असेन. आणि त्या दिवशी एखादी म्हातारी बाई हळूहळू जिने चढून तुमच्या खोलीत आली, तर आधी तिला बघू द्या.