डाव्या हाताची चिमूट

कंडक्टरचा उजवा हात ताल देतो, हे सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला दिसतं; डावा हात काय करतो, हे फक्त समोर उभ्या गाणाऱ्यांना ठाऊक असतं. तो कुणाला उचलतो, कुणाला थोपवतो. माझा डावा हात आणखी एक काम करायचा. अंगठा आणि तर्जनी हळूच जुळवून चिमूट करायचा, आणि ज्याच्याकडे बघून ती चिमूट होई त्याने तिथून पुढे गायचं नाही, फक्त ओठ हलवायचे. जर्मनीत एकतीस वर्षं मी ऑपेराचे आणि चर्चचे वृंद उभे केले. माझ्या वृंदात एकही सूर बाहेर डोकावत नाही, अशी माझी ख्याती झाली. चिमटीत सापडलेल्यांची नावं मला आठवत नाहीत. एकीचं सोडून.

साधना. मी बावीस वर्षांचा, नाशिकच्या एका शाळेत संगीतशिक्षक. ती सहावीत, मखमलाबादच्या फुलं पिकवणाऱ्यांची मुलगी. स्पर्धेला आम्ही पेटीशिवाय गाणार होतो. पेटीचा आधार नसला की वृंद नकळत खाली घसरतो, आणि सगळे एकदम घसरले की कुणालाच कळत नाही. तालमीत चाळीस मुलं घसरली, साधना घसरली नाही. ती बरोबर होती. मला ते पहिल्याच ओळीत कळलं होतं. पण चाळीस जणांना वर आणण्यापेक्षा एकीला गप्प करणं सोपं होतं, म्हणून मी सगळ्यांसमोर म्हणालो, "साधना, तुझा सूर लागत नाही. उद्या मी अशी खूण केली की नुसते ओठ हलवायचे." ती रडली नाही. "हो सर" म्हणून तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ढाल आम्हाला मिळाली, त्या ढालीवरून मला शिष्यवृत्ती मिळाली, आणि पुढचं सगळं आयुष्य. एवढं धडधडीत खोटं मी पुन्हा कधी बोललो नाही. बोलावंच लागलं नाही, चिमूट पुरत होती.

गेल्या वर्षी मी कायमचा परत आलो. सिन्नरचे चिमाजीमामा म्हणाले, "गाणारे गातात, वाजवणारे वाजवतात. तू नुसते हात हलवतो अन् टाळ्या तुला? लय भारी काम हाय!" मी हसलो. दातांचे डॉक्टर असलेल्या ललितने हौशी चाळीस जण जमवले, बँकेतले, शाळेतले, देवळाली कॅम्पातल्या दोन फौजींच्या बायका, आणि गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आमच्या तालमी सुरू झाल्या.

तिसऱ्या तालमीला दुसऱ्या रांगेतली हर्षाली फक्त ओठ हलवताना दिसली. श्वास जागेवर, चेहरा गाण्यात बुडालेला, आवाज नाही.

"हर्षाली, आवाज?"

"गातेय की सर."

मी तिला एकटीला गायला लावलं. तिचे ओठ हलत राहिले, हॉलमध्ये पंख्याची घरघर तेवढी होती, आणि शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ललित माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काय आवाज आहे ना, सर?"

मी "हो" म्हणालो.

पुढच्या रविवारी चौघी तशा झाल्या, मग एक अख्खी रांग. कानांच्या डॉक्टरांनी कान उत्तम असल्याचं सांगितलं. रिक्षांचे हॉर्न, कबुतरं, ललितचा फोन, सगळं ऐकू येत होतं. गाणं तेवढं येत नव्हतं. उगाच हात दाखवून अवलक्षण नको म्हणून मी कुणाला काही बोललो नाही. गाणाऱ्यांच्या श्वासांकडे बघत ताल देत राहिलो आणि कुणालाही काही कळलं नाही. आयुष्यभर मी ऐकतो म्हणून मान मिळवला, तो ऐकल्याशिवायही मिळत होता. याची मला फार लाज वाटली.

फुलबाजारात विचारत विचारत मी साधनाच्या सासरी पोचलो. तिची सासू, गोजराबाई, शेवंती निवडत बसली होती.

"साधना गाते का हो?"

"नाय. आरतीला सगळ्यांसंगं उभी राहती अन् नुसते ओठ हलवती. पोरगं झालं तवा पाळण्यापाशी बी तसंच. आवाज नाय, काय नाय." एक सुकलेलं फूल तिने बाजूला टाकलं. "पण पोरगं झोपायचं, बरं का. ऐकत ऐकत."

साधना शेतातून आली आणि चिखलाचे हात पदराला पुसून माझ्या पाया पडली. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"साधना, त्या दिवशी तू..."

"ढाल मिळाली होती ना सर आपल्याला! आईनं पेढे वाटले होते."

मी एवढंच म्हणालो, "कार्यक्रमात आमच्यात उभी राहा. आणि गा."

ती म्हणाली, "तुम्ही खूण केली तर गाईन. मी तुमच्या हाताकडे बघेन."

मी ठरवलं, आधी माइकवर सगळ्यांसमोर खरं सांगायचं, मग डावा तळवा उघडायचा, आणि तिचं गाणं तिला परत द्यायचं. बाकी काही ऐकू आलं नाही तरी चालेल.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. हार झाले, शाल झाली, माइक हातात आला. मी नाशिकच्या मातीविषयी दोन शब्द बोललो आणि पाठ फिरवली.

याही वेळी पेटी नव्हती. उजवा हात खाली आला. चाळीस तोंडं उघडली आणि मला प्रेक्षकांतला एक खोकला ऐकू आला. शेवटच्या रांगेच्या टोकाला, केसांत शेवंतीची वेणी माळून, साधना मिटल्या ओठांनी माझ्याकडे बघत होती. मी डावा तळवा उघडला.

ती गायली. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला गाणं ऐकू आलं. एकच आवाज, सरळ, केसभरही न ढळणारा. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली हर्षाली बिचकून शेजारणीकडे बघू लागली, मग ती शेजारीण मागे वळली, आणि माझ्या पाठीमागे प्रेक्षकांत कुजबूज उठली. म्हणजे बाकीचे घसरले होते. ती बरोबर होती. मला माहीत होतं.

साधना माझ्या हाताकडेच बघत होती, म्हणून मीही बघितलं. अंगठा आणि तर्जनी हळूहळू जवळ येत होते.

तिने समजुतीने मान हलवली, सहावीत हलवली होती तशीच. आवाज थांबला, ओठ थांबले नाहीत. टाळ्या मात्र मला सगळ्या ऐकू आल्या.