तीन ठोके

डेल हॅस्किन्सला मी माफ केलं असेल असं क्रिस्टल रिव्हर गावात ज्यांना वाटत होतं, ती माणसं खुळी. नऊ वर्षं मी डूख धरून होते. रोज सकाळी कॉफी घेऊन माझ्या धक्क्यावर बसायचं, कालव्यापलीकडच्या त्याच्या चकचकीत बोटीकडे बघायचं आणि दातओठ खायचे. हाच माझा नाश्ता.

एके काळी पाहुण्यांना नदीत फिरवायच्या धंद्यात आम्ही भागीदार होतो. बोट एक, कॅप्टन दोन. हिवाळ्यात मॅनेटी, म्हणजे म्हशीएवढ्या गरीब पाणगाई, ऊब शोधत झऱ्यांकडे येतात, तेव्हा बोट रांगत न्यायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्या दिवशी सुकाणूच्या चाकावर डेल होता. जेवायला उशीर होत होता म्हणून मेल्यानं बोट पळवली आणि मेबलचं पिल्लू इंजिनाच्या पंख्याखाली आलं. मेबल म्हणजे पाठीवर बोटीच्या पंख्याच्या तीन पांढऱ्या वळांची गावाची लाडकी मॅनेटी. अधिकारी आले तेव्हा डेल म्हणाला, "चाकावर लो होती." लो म्हणजे मी, लोरेटा रॉलरसन. बोटीवरचे दोघे पाहुणे त्याचेच दोस्त. त्यांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी मी त्याला गाठलं. म्हटलं, "चाकावर तू होतास. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण मला दोन पोरं आहेत. तुला कोण आहे?"

मला आई होती. तीस हिवाळे तिनं पहाटे होडीतून हिंडून मॅनेटी मोजल्या होत्या, प्रत्येकीला वळांवरून ओळखायची. माझा परवाना गेला त्याचं तिला काही नव्हतं. पण त्यानंतर मी सूप भरवायला बसले की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. पोरीनं मॅनेटीचं पिल्लू मारलं, ही समजूत घेऊनच ती गेली.

मी डायव्हिंगच्या दुकानात टाक्यांत हवा भरायला लागले आणि डेल फोफावला. टोळ्याच्या टोळ्या स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली, नेऊ लागला. बोटीवर पाटी काय, तर मॅनेटी स्वतःहून तुमच्याजवळ येतील. थापा नुसत्या! स्कूबाच्या बुडबुड्यांना मॅनेटी बुजतात. म्हणून आम्ही जुने लोक आधी नुसती नळी तोंडात धरून, हात बांधून, पाहुण्यांना वर तरंगत ठेवायचो आणि मॅनेटी बघून झाल्यावरच टाक्या बांधून झऱ्याच्या खोल विवरात उतरवायचो. डेलला कुठला एवढा धीर? तो थेट टाक्या बांधूनच उतरवायचा. पाण्यात पांगलेली टोळी गोळा करायला तो सुरीच्या मुठीनं पाठीवरच्या टाकीवर तीनदा ठोकायचा. टण्, टण्, टण्. हा आवाज मी ओळखून होते.

नवव्या वर्षी नोव्हेंबरात मी एक जुनी टाकी माझ्या धक्क्याला अर्धी पाण्यात बांधली. मेबल आमच्या कालव्यातूनच जायची यायची. पहाटे मी तीन ठोके द्यायची आणि नळाची रबरी नळी पाण्यावर सोडायची. कालव्याचं पाणी मचूळ, त्यामुळे गोड्या पाण्यासाठी मॅनेटी जीव टाकते. असं पाणी पाजणं हा गुन्हा आहे, हे मला न कळायला काय झालं? पंधरा दिवसांत ठोके ऐकले की मेबल लांबून यायला लागली. नळीला तोंड लावून डोळे मिटून प्यायची. मी तिला म्हणायची, बाई गं, तुझं लेकरूही त्यानंच खाल्लंय, एवढं काम कर.

मग वन्यजीव खात्याला फोन केला. डेल कायदा मोडून मॅनेटींना मिठ्या मारतो, पाहुणे बनून या आणि डोळ्यांनी बघा, म्हटलं. जानेवारीत ओहायोहून आठ जणांची टोळी आली. त्यातली आठवी ओहायोची नव्हती. ती रेनाटा बॉग्ज, खात्याची अधिकारी.

मी होडीत बसून वरून बघत होते. झऱ्याचं पाणी काचेसारखं असतं. टोळी पांगली आणि डेलनं टाकी ठोकली. मेबल बुडबुडे फोडत सरळ त्याच्याकडे गेली. आमच्यातला दुसरा कोणी असता तर हात आवळून स्थिर राहिला असता. पण सात कॅमेरे समोर असताना डेल गप्प बसतोय होय! त्यानं दोन्ही हातांनी तिला कवटाळलं आणि वर पाठीवर स्वार झाला. तासाभरात त्याच्याच धक्क्यावर त्याच्या हातात बेड्या पडल्या. मी होडीत बसून पोट दुखेपर्यंत हसले.

चार दिवसांनी तो जामिनावर सुटला, पण सुंभ जळला तरी पीळ जाईना. भर खानावळीत ओरडला, "त्या पाण्यातल्या म्हशीनं माझं वाटोळं केलं, दिसली तर सोडणार नाही." अख्ख्या खानावळीनं ते ऐकलं.

मी नळी गुंडाळून ठेवली. मेबलचे कान कुठे गुंडाळून ठेवणार? फेब्रुवारीत एका सकाळी परगावची भाड्याची बोट माझ्या धक्क्यासमोर येऊन थांबली. तिची लोखंडी शिडी बाजूला आपटत होती. टण्, टण्, टण्. मेबल आली आणि बोटीमागे तोंड वर करून नळी शोधू लागली. मी उठून किंचाळले. बोटीवरच्या लोकांना वाटलं मी राम राम करतेय. त्यांनी हात हलवले आणि इंजिन चालू केलं.

रेनाटा आली तोवर ती बोट खाडीकडे निघून गेली होती. मेलेल्या मेबलला दोर लावून माझ्या धक्क्याशी ओढून आणलं. जुन्या तीन वळांवर आडवे नवे पाच होते. मला रडायला येईना.

"खानावळीत सगळे डेलचं नाव घेतायत," रेनाटा म्हणाली. "तुम्ही समोरच राहता. काय बघितलंत?"

पलीकडून डेल ओरडला, "लो, मी सकाळपासून खिडकीत बसलोय. तू बघितलंयस मला. सांग तिला!"

बघितलं होतं. हातात कॉफीचा मग होता त्याच्या. खरं सांगायचं तर परगावची बोट सांगावी लागली असती, आणि मॅनेटी शिडीपाशी कशाला आली तेही.

"चाकावर डेल होता," मी म्हटलं.

रेनाटानं लिहून घेतलं. डेल रेलिंग धरून उभा होता, तोंडाचा रंग उडालेला. "मी नव्हतो. तुला माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी ओठांतल्या ओठांत म्हटलं.

मॅनेटीला ट्रॉलीवर चढवून नेलं, तेव्हा मी घरात गेले. भिंतीवर आईचा फोटो आहे, होडीतला, हातात मोजणीची वही. लेकीनं मॅनेटी मारली असं समजून ती गेली. नऊ वर्षं मी त्या फोटोला सांगत आले होते की ते खोटं आहे. त्या दिवशी मी तो भिंतीकडे तोंड करून टांगला.