शालिग्राम नानांनी मारलेला डोळा

सावद्याचे शालिग्राम नाना सरळ माणूस. परक्या बाईशी बोलताना नजर जमिनीत. त्याच नानांनी पुतणीच्या साखरपुड्यात, भर मांडवात, विहीणबाईंना डोळा मारला.

गोष्ट एक्क्याण्णव सालची. नानांना मधुमेह होता, पण केळी रोज खायची आणि गोळ्या आठवतील तेव्हा घ्यायच्या. "मी केयाच्या मळ्यात वाढलो, मले साखर काय करते?" त्या आठवड्यात त्यांचा डावा गाल सुजून बधिर झाला, नाकातून काळपट पाणी येऊ लागलं. तपकिरीला दोष देऊन नाना टोपी घालून भुसावळला साखरपुड्याला गेले.

नवऱ्या मुलाची आई सुगंधाबाई समोर आल्या. नानांनी हात जोडले, आणि त्यांची डावी पापणी हळूच खाली आली.

नानांची बायको शेवंताबाई लाल झाल्या. "लाज वाटते का, या वयात?"

"मी नाही मारला! आपोआप मिटला!"

"आपोआप म्हने!"

सुगंधाबाई तरातरा आल्या आणि नानांची हनुवटीच धरली. "उघडा डोळा."

नानांनी जोर लावला. उजवा डोळा बटाटेवड्याएवढा झाला, डावा हलेना. बाईंनी सुजलेल्या गालाला सणसणीत चिमटा काढला.

"दुखलं?"

"काय?"

मग त्यांना नाकपुडीतली काळी खपली दिसली. "हे डोळा मारनं नाही. यायले जळगावले न्या, आत्ताच्या आत्ता."

डॉक्टर म्हणाले, "बुरशी आहे. नाकातून डोळ्याकडे निघालीय."

नानांचा अपमान झाला. "बुरशी लोनच्याले लागते, डॉक्टर!"

"लोणच्यात मीठ तरी असतं. तुमच्यात नुसती साखर."

ऑपरेशनमध्ये टाळूचा तुकडा काढावा लागला. मग कित्येक आठवडे सलाईनमधून औषध. ते सुरू झालं की नानांना अशी हुडहुडी भरे की कॉट खडखडायची, आणि शेजारचा पेशंट विचारायचा, "मालगाडी गेली का?" शेवंताबाई हसायच्या, मग बाहेर व्हरांड्यात जाऊन रडायच्या. इन्सुलिनची सुई टोचायला त्या केळ्यावर शिकल्या. "केयं बोंबलत नाही," असं म्हणून नानांना टोचायच्या.

नाना वाचले, डोळाही वाचला. पुतणीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. टाळूला प्लेट बसवली. ती काढली की नानांचं बोलणं फक्त शेवंताबाईंना कळे. त्यामुळे घरात भांडण पेटलं की त्या आधी म्हणायच्या, "प्लेट काढून बोला. शेजारी ऐकू राह्यले."